परवडणारा सराउंड रिसीव्हर : मालकांची मते कशी वाचावीत?

माळव्यातील देवास आणि धार ही पवार घराण्याची जुनी संस्थाने. इंदूरच्या दोन बाजूंना वसलेल्या या गावांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. देवासला तर गाण्याचेच गाव म्हणावे लागेल. रजब अली खाँ येथे राहिले आणि १९५९ मध्ये येथेच वारले. १९४८ च्या आरंभी कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यासाठी माळव्याची कोरडी हवा शोधत देवासला आले आणि १२ जानेवारी १९९२ रोजी झालेल्या निधनापर्यंत देवासकरच राहिले. आजारपणात गाणे बंद होते, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येणाऱ्या लोकगीतांनी आणि निर्गुणी भजनांनी त्यांच्या पुढच्या गायकीला वळण दिले. गोमंतकीय रसिकाला हा धागा परका नाही. कुमारांना तालीम देणाऱ्यांत गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर होत्या.

अशा गावांतील मराठी घरात आज होम थिएटरचा रिसीव्हर येतो, तेव्हा त्याच्याकडून दोन निरनिराळ्या अपेक्षा असतात. रात्री सहकुटुंब चित्रपट पाहताना पाऊस, रेल्वे आणि गर्दी चहूबाजूंनी ऐकू यावी, ही पहिली. सकाळी त्याच यंत्रावर एखादे जुने ध्वनिमुद्रण लावले असता गायकाचा आवाज खोलीत साक्षात उभा राहावा, ही दुसरी. खरेदीपूर्वी मालकांची मते धुंडाळणाऱ्याचा मात्र गोंधळ उडतो. एकाच यंत्राला कोणी ‘सिनेमागृह घरी आले’ असे म्हणतो, तर कोणी ‘गाण्यात जीव नाही’ असे म्हणतो. कोणाला त्याची ताकद अफाट वाटते, कोणाला अपुरी. कोणी यंत्र फार तापते म्हणतो, कोणी वर्षानुवर्षे तक्रार नाही असे सांगतो.

बहुतेक वेळा दोन्ही पक्षांचे अनुभव खरे असतात. रिसीव्हर एकच असला तरी खोली, स्पीकर, वीजपुरवठा आणि ऐकण्याचा विषय वेगळा असतो. मत वाचताना या चार गोष्टी कळल्या नाहीत, तर मालकाने दिलेले तारे वाचकाच्या फारशा उपयोगाचे नाहीत.

रिसीव्हर नेमके काय करतो?

दूरचित्रवाणी संच, सेट टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर किंवा मोबाइल यांतून आलेला ध्वनिसंकेत घेणे, त्यातील वाहिन्या वेगळ्या करणे आणि प्रत्येक वाहिनीला स्पीकर हलवण्याइतकी विद्युतशक्ती पुरवणे, ही रिसीव्हरची तीन कामे. पाच स्पीकर आणि एक सबवूफर मिळून होणाऱ्या मांडणीस ५.१ म्हणतात. समोर डावा, मधला व उजवा, बाजूंना किंचित मागे दोन सराउंड आणि खर्जासाठी सबवूफर, असा हा संसार असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार समोरचे दोन स्पीकर श्रोत्याच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड स्पीकर १०० ते १२० अंशांवर असावेत. म्हणजे सराउंड स्पीकर थेट पाठीमागे न ठेवता कानांच्या रेषेच्या थोडे मागे ठेवावे लागतात. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ते टांगून ‘मागून आवाज येत नाही’ म्हणणाऱ्या मालकाची तक्रार मांडणीची असते, यंत्राची नव्हे.

हे तंत्र चित्रपटगृहातून घरात आले. वॉल्ट डिस्ने यांच्या ‘फॅन्टासिया’साठी १९४० मध्ये बहुवाहिनी ध्वनीचा मोठा प्रयोग झाला. डॉल्बी सराउंड १९८२ मध्ये घरगुती वापरासाठी आले. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये आणि डीटीएस १९९३ मध्ये चित्रपटगृहांत अवतरले. भारतीय प्रेक्षकाच्या स्मरणात १९७५ चा ‘शोले’ आणि त्याच्या ७० मिलिमीटर प्रतीचा स्टिरिओफोनिक ध्वनी आहे.

परवडणाऱ्या वर्गातील नमुने म्हणून २०१८ मध्ये आलेली दोन यंत्रे घेता येतील. यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ वाहिन्यांचा, तर सोनीचा एसटीआर-डीएच५९० हा ५.२ वाहिन्यांचा, म्हणजे दोन सबवूफर जोडता येणारा रिसीव्हर. दोहोंत चार एचडीएमआय आगम आणि एक निर्गम, ब्लूटूथ आणि मायक्रोफोन ठेवून स्पीकरांचे आपोआप समायोजन करण्याची सोय आहे. छतातून ध्वनी उतरवणारे डॉल्बी ॲटमॉस मात्र दोहोंत नाही. ‘ॲटमॉस चालत नाही’ म्हणून कमी तारे देणाऱ्या मालकाने विकत न घेतलेल्या वस्तूचा दोष काढलेला असतो.

वॅटचा आकडा आणि त्याच्या अटी

मतांमधील पहिला वाद ताकदीचा. यामाहाचा हा रिसीव्हर प्रतिवाहिनी ७० वॅट सांगतो, सोनीचा १४५. यावरून दुसरा दुप्पट शक्तिशाली ठरत नाही. सत्तर वॅटचा आकडा ६ ओहमवर, दोन वाहिन्या एकाच वेळी चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, ०.०९ टक्के विकृतीला मोजलेला आहे. एकशे पंचेचाळीसचा आकडाही ६ ओहमवरचाच, परंतु एकच वाहिनी, एकच १ किलोहर्ट्झचा स्वर आणि ०.९ टक्के विकृती या सैल अटींवरचा आहे. अशाच सैल अटींवर यामाहाही १०० वॅट सांगतो. पाचही वाहिन्या एकदम बोलू लागल्या की प्रत्येकीच्या वाट्याला येणारी शक्ती यापेक्षा कमी भरते, कारण सर्वांना पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो.

शक्ती दुप्पट झाल्याने आवाज दुप्पट होत नाही. वाढ फक्त ३ डेसिबलची होते आणि ती कानाला जेमतेम ठसते. ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८६ डेसिबल देतो. मोकळ्या जागेत ३ मीटरवर तोच आवाज साधारण ७६ डेसिबल उरतो, आणि बंद खोलीत भिंतींच्या परावर्तनामुळे त्याहून थोडा अधिक. घरातील सर्वसाधारण ऐकण्यास एवढे पुरेसे आहे. म्हणजे बहुतांश वेळ रिसीव्हर एक-दोन वॅटवरच चालतो. स्फोट किंवा ढोल यांसारख्या क्षणिक उसळीला १० डेसिबल अधिक हवे असतील तर दहापट आणि २० डेसिबल हवे असतील तर शंभरपट शक्ती लागते. त्यामुळे लहान खोलीत ८९ डेसिबलचे स्पीकर लावणारा मालक समाधानी असतो आणि मोठ्या दिवाणखान्यात ८४ डेसिबलचे स्पीकर लावणारा ‘ताकद नाही’ अशी तक्रार करतो. दोघांचे यंत्र एकच असते.

स्पीकरचा ओहमही पाहावा लागतो. ज्या यंत्रावर किमान ६ ओहम लिहिले आहे त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडले, तर जास्त प्रवाह खेचला जाऊन यंत्र तापते आणि संरक्षक मंडल ते मध्येच बंद पाडते. ‘आवाज वाढवला की बंद पडतो’ या तक्रारीचे एक सामान्य मूळ येथे असते. दुसरे मूळ त्याहून साधे आहे. स्पीकरच्या तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकलेला असतो. स्वस्त यंत्रांत सराउंडसाठी अनेकदा स्प्रिंगच्या चिमट्या असतात. त्यांत तार खोचताना तिचे धागे घट्ट पिळून घ्यावेत.

वाडा, फ्लॅट आणि कौलारू घर

मतांत सर्वांत क्वचित सांगितली जाणारी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली. देवास-धारच्या जुन्या वाड्यांतील जाड भिंती, कोनाडे, लाकडी तुळया, चौकाकडे उघडणारी दारे आणि नव्या वसाहतींतील सिमेंटचे छत, गुळगुळीत टाइल्स व काचेच्या खिडक्या यांचा ध्वनीशी व्यवहार वेगवेगळा असतो. गोव्यातील चिऱ्याच्या भिंतींचे कौलारू घर हा तिसरा प्रकार. कोनाडे आणि असमान पृष्ठभाग ध्वनी विखुरतात. कौलांच्या फटींतून आणि उघड्या दारांतून खर्ज बराचसा निसटतो. बंद काँक्रीटच्या खोलीत मात्र तो कोंडून घुमतो.

यामागचे गणित सोपे आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या वेगाला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागले की त्या दिशेतील सर्वांत खालचा घुमणारा स्वर मिळतो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटरच्या खोलीत तो सुमारे ४७ हर्ट्झ, १० फुटांच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झ येतो. खोली १२ बाय १२ अशी चौरस असेल तर दोन्ही दिशांचा घुमारा एकाच स्वरावर पडतो आणि तेथे खर्ज फुगतो. अशा खोलीतील मालक ‘सबवूफर ढब्ब वाजतो’ असे लिहितो. आयताकृती खोलीतील दुसरा त्याच सबवूफरला ‘नेटका’ म्हणतो. सबवूफर कोपऱ्यातून काढून भिंतीच्या मध्याकडे सरकवणे हा यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय. स्वयंचलित समायोजनामुळे स्पीकरांचे अंतर व पातळी नीट बसते, पण खोलीचा घुमारा त्याने पूर्ण जात नाही.

खोलीची परीक्षा टाळीने होते. मधोमध उभे राहून एक खणखणीत टाळी वाजवावी. मागोमाग धातूसारखा थरथरता नाद उमटला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परतवत आहेत असे समजावे. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट, भरलेला सोफा यांनी जो फरक पडतो, तो महागडा रिसीव्हर घेऊनही पडत नाही. चित्रपटातील संवाद अस्पष्ट असल्याच्या तक्रारीही पुष्कळदा या परावर्तनातून जन्मतात.

‘चित्रपट उत्तम, गाणे निर्जीव’

मराठी घरांच्या दृष्टीने हे मत सर्वांत लक्ष देण्याजोगे आहे. आकाशवाणीसाठी आणि जुन्या तबकड्यांसाठी झालेली कित्येक शास्त्रीय ध्वनिमुद्रणे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीची आहेत. ती रिसीव्हरच्या सराउंड पद्धतीवर लावली की डॉल्बी प्रो लॉजिकसारखे तंत्र डाव्या व उजव्या बाजूचा समान अंश मधल्या स्पीकरकडे पाठवते. मोनोमध्ये सारेच समान असते. परिणामी गायक, तबला, हार्मोनियम आणि तंबोरे असा अवघा मेळ टीव्हीखालच्या छोट्याशा स्पीकरमध्ये दाटीवाटीने बसतो आणि समोरचे दोन मोठे स्पीकर गप्प राहतात. ‘हॉल’, ‘कॉन्सर्ट’ अशी कृत्रिम प्रतिध्वनी मिसळणारी पद्धत चालू असेल तर बारीक मुरक्या त्या प्रतिध्वनीत हरवतात.

यावर दोन बटणांचा उपाय आहे. समोरचे स्पीकर पूर्ण आकाराचे असतील तर ‘डायरेक्ट’ पद्धत निवडावी. त्यात प्रक्रिया कमीत कमी होते. परंतु स्पीकर मुठीएवढे असतील तर ‘डायरेक्ट’ टाळावी, कारण पुष्कळ यंत्रांत या पद्धतीत सबवूफर बंद होतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर. लहान स्पीकर इतक्या खाली पोहोचत नाहीत. सबवूफर गप्प झाला की तंबोऱ्याचा पायाच निघून जातो. तेथे ‘स्टिरिओ’ पद्धत ठेवून, सबवूफर चालू राखून, छेदनबिंदू स्पीकरांच्या कुवतीनुसार लावावा. मोठ्या स्पीकरांना साधारणपणे ८० हर्ट्झ आणि अगदी लहानांना १२० ते १५० हर्ट्झ योग्य ठरतो.

तंबोरा ही या यंत्राची उत्तम कसोटी आहे. कुमार गंधर्व तंबोरे जुळवण्याबाबत किती काटेकोर होते, हे त्यांच्या रसिकांस ठाऊक आहे. सुरेल जुळलेल्या तंबोऱ्यातून तारेवर नसलेला गंधार आपसूक उमटतो. ओळखीच्या ध्वनिमुद्रणात आरंभीचे अर्धे मिनिट केवळ तंबोरा ऐकावा. गंधार ऐकू आला, खर्ज फुगलेला नसला आणि पहिल्या स्वरानंतर गायकाच्या दोन फेकींमधील शांतता शांतच राहिली, तर यंत्र आणि खोली यांचे जमले आहे. स्फोटांच्या दृश्यावरून हे कळत नाही. त्यात विकृतीही खपून जाते.

एआरसी, उष्णता आणि गुणगुण

‘पाच स्पीकर असूनही दोनच वाजतात’ ही तक्रार वारंवार आढळते. टीव्हीकडून रिसीव्हरकडे ध्वनी एचडीएमआयच्या एआरसी वाटेने जात असेल, तर टीव्हीच्या ध्वनिनिर्गमात ‘पीसीएम’ निवडलेले आहे का, ते पाहावे. त्या निवडीने सहसा दोनच वाहिन्या पुढे जातात. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ केल्यास मूळ बहुवाहिनी संकेत रिसीव्हरपर्यंत पोहोचतो. शिवाय कार्यक्रमच दोन वाहिन्यांचा असेल तर यंत्र पाच वाहिन्या आणणार कोठून, हेही ध्यानात घ्यावे.

रिसीव्हर तापणे स्वाभाविक आहे. तो बंद कपाटात कोंबणे किंवा त्याच्या माथ्यावर सेट टॉप बॉक्स ठेवणे अयोग्य. वर किमान वीतभर मोकळी जागा हवी. माळव्यात उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि धूळ झरोक्यांत साचते. गोव्यात दमट खारी हवा तारांच्या टोकांवर हिरवट थर चढवते. माळव्यातील मालकाने झरोके कोरड्या ब्रशने साफ करावेत, तर गोव्यातील मालकाने पावसाळ्यानंतर तारांची टोके तासून पुन्हा बसवावीत. विजांच्या दिवसांत प्लग आणि केबलची तार दोन्ही काढून ठेवणे हेच खात्रीचे संरक्षण.

स्पीकरमधून सतत येणारी खालच्या सुराची गुणगुण बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची किंवा तिच्या पटीतली असते. दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असली, अथवा केबलची तार निराळा भूसंपर्क घेऊन येत असली, की ही गुणगुण निर्माण होते. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर आणून पाहावीत. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील जमिनीची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. त्यात जिवाला धोका आहे.

परदेशातून आलेले यंत्र

देवास-इंदूरप्रमाणे गोव्यातही परदेशस्थ नातलगांकडून यंत्र आणवण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. तो येथील २३० व्होल्टच्या पुरवठ्यास थेट लावला की निकामी होण्याची दाट शक्यता असते. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आखाती देशांतील बहुतेक यंत्रे व्होल्टेजच्या दृष्टीने येथे चालतात, पण हमीचा प्रश्न उरतो. परदेशातील मालकाने किमतीवर खूश होऊन दिलेले मत वाचताना येथील किंमत, हमी आणि जवळचे सेवा केंद्र यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. धार किंवा देवासच्या ग्राहकास दुरुस्तीसाठी इंदूर गाठावे लागू शकते. पेडणे किंवा काणकोणच्या ग्राहकानेही हे अंतर खरेदीआधीच मोजलेले बरे.

मते वाचण्याची रीत

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन ग्राहकमतांविषयीचे मानक जाहीर केले. मत देणारा खरा ग्राहक असावा, मोबदला देऊन लिहून घेतलेली मते प्रसिद्ध होऊ नयेत आणि छाननीची पद्धत पारदर्शक असावी, असा त्याचा आशय. जाहीर होताना ते ऐच्छिक होते, तेव्हा पारख शेवटी वाचकालाच करावी लागते.

खरेदीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या स्तुतीपेक्षा एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेल्या मालकाचे मत वजनदार. खोलीचे माप, स्पीकरचे नाव आणि बसण्याचे अंतर सांगणारा मालक तारे मोजणाऱ्यापेक्षा उपयोगी. एकच दोष निरनिराळ्या परिस्थितींतील अनेकांनी नोंदवला असेल, तर तो यंत्राचा मानावा. एकट्यादुकट्याचा अनुभव आधी तार, मांडणी व वीज यांच्याशी ताडून पाहावा. आपल्या खोलीसारखी खोली असलेल्याचे एक मत इतरांच्या दहा मतांहून मोलाचे असते.

यंत्रातच दोष निघाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रार शुल्क नाही. बिल, हमीपत्र आणि दोषाची चित्रफीत जपून ठेवावी.

देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून १९२१ मध्ये काम केलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवातील अखंड कोलाहलाचे वर्णन आपल्या पत्रांत केले. ती पत्रे ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच देवासात पुढे एका आजारी गायकाने अंथरुणावरून बाहेरचे गाणे टिपले. गावाचा नाद एकाला गोंगाट वाटला, दुसऱ्याला त्यात गाणे सापडले. रिसीव्हरविषयीची मतेही याच न्यायाने वाचावीत. मत देणारा कोठे बसला होता आणि काय ऐकू पाहत होता, हे आधी विचारावे. त्यानंतर दुकानात जाताना आपल्या खोलीचे माप, स्पीकरचा ओहम आणि मोबाइलमध्ये तंबोऱ्याचे एक ओळखीचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे.